भाड्याला सबसिडी द्यावी का, काल कट्ट्यावर जुंपलेली

काल रात्री टिळक रोडला विषय निघाला आणि चहावाल्याने शटर ओढलं तरी कोणी हलेना. आमचा सीए म्हणे, सरकारने भाड्याला पैसे दिले की मालक तेवढंच भाडं वाढवणार, मधल्यामधे भाडेकरू आहे तिथेच. हिंजवडीवाला तापलाच, अरे मग २०१५ पासून आवास योजनेत घर घेणाऱ्याला व्याजात सूट दिली तेव्हा हे कसं नाही सुचलं तुला, ज्याच्याकडे डाउन पेमेंटच नाही त्याला काय मिळालं? सीए म्हणाला एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची टॅक्स सूट, आहे की. हिंजवडीवाला म्हणाला आहे, पण ती पगारात एचआरए असणाऱ्यांना, तीही जुन्या टॅक्स रेजीममधे. सोसायटीच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन कुठलं रेजीम निवडणार?

मी म्हणलं भाड्याला मदत आपल्याकडे आधीच चालू आहे, बघा तिचं काय होतं. स्वाधार योजना. अनुसूचित जातीच्या ज्या पोरांना सरकारी हॉस्टेल मिळत नाही त्यांना पुण्यात वर्षाला ६० हजार, त्यातले राहण्याचे २० हजार, म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन, एवढ्यात कोण ठेवून घेतं सांगा. त्यात हप्ता रखडला की पोरगं उधारीवर, आणि रूम बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनाव काय. याचा मला खरंच संताप येतो, पैसे असूनही दार उघडत नाही.

वकील म्हणाला अमेरिकेतही हेच, १९७४ पासून घरभाड्याचं सरकारी व्हाउचर आहे, भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे बाकीचं सरकार भरतं, पण पात्र कुटुंबांपैकी चारातल्या एकालाच मदत मिळते आणि कित्येक मालक व्हाउचरवाल्याला घरच देत नाहीत.

इकडे २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाख घरं रिकामी निघालेली. मालकाला भीती, भाडेकरू उठलाच नाही तर? पण १९९९ च्या आपल्या भाडे कायद्यात लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर मालकाला भाड्याच्या दुप्पट भरपाई आहे, आणि करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे. कॉटवाल्यांचा करार कोण करतं? मग उद्या सबसिडीला करार मागितला की ज्याला सगळ्यात गरज तोच बाहेर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पैसे द्या, भाडेकरूच्याच खात्यात द्या, वेळेवर द्या, पुण्याच्या भाड्याला पुरतील इतके द्या, पण सोबत हॉस्टेलचे बेड वाढवा, नाहीतर सीए म्हणतो तसंच होणार, जागा तेवढीच आणि पैसे जास्त. सीएने विचारलं पैसा कुठून? हिंजवडीवाला म्हणाला, घर घेणाऱ्यांच्या व्याजाला जिथून येतो तिथूनच.