वॉल सेंडर टाइमआउट 0 केल्याने रेप्लिकेशन सुधारत नाही

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रेप्लिकेशन म्हणजे प्रायमरी (मुख्य सर्व्हर) वरचे बदल रेप्लिकावर (प्रत ठेवणारा सर्व्हर) सतत पाठवणं. त्या बदलांची नोंद म्हणजे वॉल (WAL), प्रायमरीवरून ती पाठवणारी प्रोसेस वॉल सेंडर आणि रेप्लिकावर घेणारी वॉल रिसीव्हर. त्यासाठी एक सल्ला जिकडे तिकडे फिरतोय: "रेप्लिकेशन सारखं तुटतंय? नेटवर्कच खराब असणार. वॉल सेंडर टाइमआउट आणि वॉल रिसीव्हर टाइमआउट दोन्ही 0 करा, कनेक्ट टाइमआउट वाढवा, नाहीतर रेप्लिका नव्याने उभी करावी लागेल." प्लीज हे प्रॉडक्शनवर करू नका.

"0 केलं की कनेक्शन तुटत नाही." तुटतं, फक्त तुम्हाला कळत नाही. दोन्हीचं डिफॉल्ट 60 सेकंद आहे आणि काम एकच, समोरचा जिवंत आहे का ते बघणं. रेप्लिकाचं मशीन अचानक गेलं किंवा मधला फायरवॉल गुपचूप पॅकेट टाकून द्यायला लागला तर प्रायमरीला कोणी कळवायला येत नाही, मग सगळी भिस्त लिनक्स कर्नलवर, आणि पाठवलेल्या डेटाची पोच येत नसेल तर डिफॉल्ट सेटिंगवर तो साधारण 15 मिनिटं प्रयत्न करत बसतो, लाईन गप्प असेल तर कीपअलाइव्हचा (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा) पहिला प्रोबच 2 तासांनी जातो. सिंक्रोनस रेप्लिकेशन (कमिट स्टँडबायच्या, म्हणजे रेप्लिकाच्या पोचेसाठी थांबतो) फर्स्ट पद्धतीने (यादीतल्या क्रमाने) लावलं असेल तर दुसरा स्टँडबाय तयार असूनही पहिला यादीतून सुटेपर्यंत त्याची पाळी येत नाही, म्हणजे तोवर कमिट लटकलेले. शिवाय निम्मा टाइमआउट संपला तरी उत्तर नाही आलं की वॉल सेंडर स्वतः पिंग करतो, 0 केल्यावर ते पण बंद.

"टाइमआउट आला म्हणजे नेटवर्क खराब." इथंच लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. प्रायमरीच्या लॉगमध्ये वॉल सेंडर रेप्लिकेशन टाइमआउटमुळे बंद केला असं आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की रेप्लिकाकडून वेळेत उत्तर आलं नाही. का नाही आलं ते वेगळं शोधावं लागतं. वॉल रिसीव्हर ही एकच प्रोसेस वॉल घेते, डिस्कवर लिहिते, एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर पक्कं) करते आणि उत्तरही तीच पाठवते, त्यामुळे डिस्क अडकली की उत्तर अडकलं, नेटवर्क कितीही चांगलं असो. म्हणून आधी त्याच मिनिटाचा रेप्लिकाच्या डिस्कचा लेटन्सी ग्राफ बघा. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (टेबलांमधले बदल पाठवण्याची पद्धत) अप्लाय वर्कर (ते बदल लावणारी प्रोसेस) एखाद्या लॉकसाठी थांबला तरी हेच होतं. उलट रेप्लिकावरच्या लांबलचक क्वेरीमुळे रिप्ले (आलेलं वॉल डेटावर लावणं) मागे पडला तर हा टाइमआउट येत नाही, कारण रिप्ले वेगळी प्रोसेस करते, तिथं क्वेरी कॅन्सल होतात आणि त्याआधी किती थांबायचं ते 30 सेकंदाचं स्टँडबाय डिलेचं सेटिंग वेगळं.

"फायरवॉल आयडल कनेक्शन कापतो" असंही कोणीतरी म्हणतंच. रिसीव्हर डिफॉल्टने दर 10 सेकंदाला स्टेटस पाठवतो, तर लाईन आयडल राहतेच कुठे? तो स्टेटस इंटरव्हल कोणी 0 केलाय का ते बघा, आणि सेंडर, रिसीव्हर दोन्ही टाइमआउट पण 0 असतील तर मात्र लाईन खरंच गप्प होते.

"कनेक्ट टाइमआउट वाढवा." ते फक्त कनेक्शन जोडताना लागतं, चालू स्ट्रीमशी संबंध नाही.

"नाहीतर रेप्लिका नव्याने उभी करावी लागेल." नुसतं तुटल्याने नाही, रिसीव्हर आपणहून परत जोडतो. लागते ती दरम्यान प्रायमरीने वॉल फाइल काढून टाकली तर, आणि वॉल कीप साइझ (रेप्लिकासाठी किती जुनं वॉल राखून ठेवायचं) डिफॉल्टला 0 आहे. स्लॉट (रेप्लिकाला लागणारं वॉल प्रायमरीवर धरून ठेवणारी सोय) लावा, पण स्लॉटने किती वॉल धरून ठेवायचं त्याची मर्यादा (पोस्टग्रेस 13 पासून आहे) डिफॉल्टला नसते, ती घातली नाही आणि रेप्लिका बरेच दिवस बंद राहिली तर प्रायमरीची डिस्क भरेल.

मायएसक्यूएलवाल्यांनाही तेच, रेप्लिका नेट टाइमआउट 5.7.7 मध्ये 3600 वरून 60 वर उगाच नाही आणलं. तो खूप वाढवला तर मेलेल्या कनेक्शनवरही सेकंद्स बिहाइंड (रेप्लिका किती सेकंद मागे आहे) 0 दाखवत राहतं आणि सगळे निवांत.

एखादी रेप्लिका खरंच लांबच्या, हळू लिंकवर असेल तर पोस्टग्रेस 12 पासून वॉल सेंडर टाइमआउट प्रत्येक कनेक्शनला वेगळा देता येतो, त्या रेप्लिकाच्या प्रायमरी कनइन्फोमध्ये (प्रायमरीला कसं जोडायचं ते सेटिंग) ऑप्शन्स म्हणून. तिला 3 मिनिटं द्या, बाकीच्यांचे 60 सेकंद तसेच ठेवा.