स्टीफन्स इंग्रज खरे, पण प्रोटेस्टंट नव्हेत

बेळगावच्या मिशनबद्दलच्या एका लेखात ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्स यांना ‘इंग्रज, म्हणजे प्रोटेस्टंट’ ठरवून त्या मिशनशी जोडलंय. सगळा घोळ तिथंच आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडात कॅथलिक म्हणून राहणं जिवावर बेतत होतं. स्टीफन्स रोममध्ये जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचे सदस्य, झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरले, तेही पोर्तुगीज जहाजातून. कंपनी सरकारचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलेलं त्यांचं ख्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे. त्यात ब्राह्मण शंका काढतो आणि पाद्री उत्तर देतो, अगदी आपल्या पुराणांच्या थाटात! हे एकदा वाचून बघाच.

बेळगावचं प्रकरण वेगळं. १८१३ पर्यंत कंपनी मिशनऱ्यांना थारा द्यायला नाखूष असायची. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि १८२० मध्ये लंडन मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे टेलर इथं आले. मेथॉडिस्ट, हेही प्रोटेस्टंटच, त्यानंतरचे.

आमच्या खानापूर भागात गोव्याकडून आलेली कॅथलिक घरं आहेत, त्यांची परंपरा आणखी निराळी. बेळगावच्या कॅम्पात दोन्ही पंथांची चर्चेस आहेत. लेखकानं निदान तेवढी तरी फेरी मारायची होती.