भूल उतरल्यावर

चार दिवसांपूर्वी काकू घरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यांना सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ऑपरेशन करावे की नाही, यावरून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर वाद पेटला. दादाने, म्हणजे काकूंच्या मुलाने, लिहिले की डिमेन्शियाच्या माणसाला भूल देणे म्हणजे त्याची उरलीसुरली ओळख पुसून टाकणे. त्यापेक्षा आई अंथरुणावर राहिलेली परवडली. अनेकांनी दुजोरा दिला आणि एकाने पुढे असेही जोडले की परदेशात म्हाताऱ्यांना यंत्रासारखे दुरुस्त करून घरी पाठवतात, आपल्याकडे निदान माणसाचा विचार होतो. मी सतरा वर्षे इंग्लंडात राहतो आहे. ते वाक्य कोणासाठी होते हे मला कळले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

ऑपरेशन टाळणे ही दया आहे, असे हे सगळे धरून चालतात. मोडलेल्या खुब्यानिशी पडून राहिलेल्या माणसाला कूस बदलताना, अंग पुसून घेताना, दर वेळी कळ येते. मग पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो. ज्याला सांगता येते तो ओरडून औषध मागतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले होते की, खुबा मोडलेल्या आणि स्मृतिभ्रंश बळावलेल्या रुग्णांना इतरांच्या एक तृतीयांश इतकेच मॉर्फिनसारखे वेदनाशामक मिळत होते. हाड त्यांचेही तितकेच मोडलेले होते. इथे दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करावे, असे मार्गदर्शन 2011 पासून आहे आणि रुग्णाला स्मृतिभ्रंश आहे म्हणून ते बाजूला ठेवले जात नाही.

दादाची भीती मात्र निराधार नाही, आणि नवीही नाही. ‘ऑपरेशननंतर आई पूर्वीची राहिली नाही’ अशा नातेवाइकांच्या तक्रारींवरून बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी 1955 साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला होता. भुलीमुळेच स्मृतिभ्रंश वाढतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. खरा धोका डिलिरियमचा आहे, ज्याला आपण वात म्हणतो. काही रुग्ण वातात बरळतात, तर काही गप्प पडून राहतात आणि शांत झोप लागली आहे असे समजून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. गटावर पूर्ण भूल वाईट आणि मणक्यातली बरी, असेही कोणी ठामपणे लिहिले होते. खुब्याच्या 1600 रुग्णांवर केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्यातून भूल दिलेल्यांपैकी 20.5 टक्के आणि पूर्ण भूल दिलेल्यांपैकी 19.7 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, म्हणजे फरक जवळपास नव्हताच. त्यापेक्षा काकू डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचे औषध घेतात हे भूलतज्ज्ञांना सांगावे, कारण स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम त्यामुळे बदलतो. झोपेच्या गोळ्या शक्य तितक्या टाळायला सांगावे. आणि शुद्धीवर येताच चष्मा व कानातले यंत्र लावावे.

कायद्याबद्दलही मी गटावर बरेच लिहिले. तिकडे मुलगा सही करतो आणि विषय संपतो. इथे 2005 च्या कायद्यानुसार मुलाला तो अधिकार आपोआप मिळत नाही, आधी रुग्णाला स्वतःला काय कळते ते पाहावे लागते, आणि नाहीच कळले तर संमतीचा चार क्रमांकाचा फॉर्म भरताना रुग्णाचे हित कशात आहे याची कारणे डॉक्टरांना लिहावी लागतात. हे मला आजही श्रेष्ठ वाटते.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही, ती इथे लिहितो. माझी आई इथेच माझ्याकडे होती आणि तिचाही खुबा मोडला होता. सर्व काही नियमाप्रमाणे झाले, दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झाले. रात्री तिच्यापाशी राहण्याची मुभा मला होती, कारण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ घरच्या माणसाला राहू द्यावे, ही 2014 साली इथेच सुरू झालेली मोहीम त्या वॉर्डाने स्वीकारलेली होती. मी आठ वाजता घरी गेलो. सकाळी कामाची बैठक होती, आणि व्यवस्थेवर माझा विश्वास होता.

सकाळी कागदावर लिहिलेले होते: रात्रभर अस्वस्थ, असंबद्ध बोलणे. ती काय बोलत होती, असे मी रात्रपाळीच्या मदतनीस मुलीला विचारले. ती मुलगी थकली होती, तरी कोट चढवता चढवता थांबली आणि आठवून आठवून तिने तो आवाज काढून दाखवला: “दुक-तय. दुक-तय.”

आईचे इंग्रजी आजारात आधीच गेले होते. ती वातात बरळत नव्हती, साध्या मराठीत दुखतंय म्हणून सांगत होती. ज्या देशाची बाजू मी सतरा वर्षे घेत आलो, तिथल्या त्या चांगल्या वॉर्डात तो एक शब्द कळणारे माणूस त्या रात्री नव्हते, आणि ज्याला कळला असता तो अर्ध्या तासाच्या अंतरावर झोपला होता. तिकडच्या कुठल्याही वॉर्डात झाडणाऱ्या मावशींनाही तो कळला असता. हे मान्य करताना मला आजही त्रास होतो, कारण मग तिला इथे आणण्याचा माझा निर्णयच तपासावा लागतो.

काल रात्री मी दादाला गट सोडून वेगळा फोन केला. ऑपरेशन कर, असेच मी त्याला पुन्हा सांगितले आणि मग आईच्या त्या रात्रीबद्दल सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने फक्त औषधाचे नाव पुन्हा विचारले आणि मी ते त्याला एकेक अक्षर सुटे करून लिहून घ्यायला लावले. काकूंना उद्या सकाळी आत नेणार आहेत. रात्री त्यांच्या उशाशी तो बसणार आहे.