पडद्यावर खापर फोडण्यापूर्वी

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक मजकूर गेली काही वर्षे वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे परिपत्रक आले किंवा ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांची (क्रेडिट्सची) चर्चा निघाली की तो पुन्हा डोके वर काढतो. त्याचा सारांश असा: ऑनलाइन आणि हायब्रिड (म्हणजे काही भाग पडद्यावर, काही वर्गात असे मिश्र) अभ्यासक्रम हा शिक्षणाचा निव्वळ देखावा आहे, २०२० आणि २०२१ मध्ये तो प्रयोग करून झाला व सपशेल फसला, पडद्यासमोर मुलांचे लक्ष लागत नाही, परीक्षेत सर्रास कॉपी चालते, खेड्यातल्या मुलांवर अन्याय होतो, आणि सरतेशेवटी रेकॉर्ड केलेली व्याख्याने प्राध्यापकांच्या नोकऱ्या खाणार आहेत. यांतला एक आक्षेप बराचसा खरा आहे आणि एक भीती रास्त आहे. बाकीचे आक्षेप मात्र तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

प्रयोग करून झाला, हे पहिले विधान. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा आपण काय केले, हे आठवून पाहावे. वर्गातले वेळापत्रक जसेच्या तसे झूम किंवा गूगल मीटवर नेले. अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांचीच राहिली, फळ्याच्या जागी पीपीटी आली आणि हजेरीसाठी गूगल फॉर्म आला. अभ्यासक्रमाची नव्याने आखणी करायला कोणालाच सवड नव्हती आणि तसे कोणी करायला सांगितलेही नव्हते. चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहलेखकांनी मार्च २०२० मध्येच एका लेखात हा फरक मांडला होता. संकटात तात्पुरती केलेली दूरस्थ सोय वेगळी आणि विचारपूर्वक आखलेले ऑनलाइन शिक्षण वेगळे. पहिल्याच्या निकालावरून दुसऱ्याची पारख करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

आपल्याकडे तर हा धडा परदेशातून आणण्याचीही गरज नव्हती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवत आहे. स्वयंअध्ययनासाठी वेगळ्या पद्धतीने लिहिलेली पुस्तके, अभ्यासकेंद्रे, संपर्कसत्रे आणि गृहपाठ यांची घडी त्या विद्यापीठाने इंटरनेट घरोघर पोहोचण्याच्या कितीतरी आधी बसवली. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याला पुढे कसे नेत राहायचे, याचा अनुभव राज्यात उपलब्ध होता, पण पारंपरिक महाविद्यालयांना त्या वेळी तो विचारून घ्यावासा वाटला नाही. मुक्त विद्यापीठाकडे पाहण्याची आपली नजर अजूनही जरा वरूनच असते, हे त्यामागचे एक कारण असावे.

नीट आखलेल्या अभ्यासक्रमांचे काय झाले, याचा पुरावाही आहे. अमेरिकी शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन-आढाव्यात ऑनलाइन शिकणाऱ्यांची कामगिरी सरासरीने वर्गातल्या विद्यार्थ्यांपेक्षा किंचित सरस आढळली आणि मिश्र पद्धतीचा फायदा त्याहून अधिक दिसला. याच अहवालात एक महत्त्वाचा खुलासा आहे, जो ऑनलाइनचे समर्थक सोयीस्करपणे गाळतात: मिश्र अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना बहुधा जास्तीचा वेळ आणि जास्तीचे साहित्य मिळाले होते, त्यामुळे सगळे श्रेय माध्यमाला देता येणार नाही. माझे म्हणणे नेमके तेच आहे. माध्यमामुळे शिक्षण सुधारत नाही आणि बिघडतही नाही; वेळ, साहित्य व कृती यांची जुळणी कशी केली आहे, यावर ते ठरते.

दुसरा आक्षेप लक्ष न लागण्याचा. तो करणाऱ्यांनी सभागृहवजा वर्गातल्या शेवटच्या चार बाकांकडे एकदा पाहावे. वर्गात कॅमेरा बंद करता येत नाही, इतकाच काय तो फरक. मन बंद करण्याची सोय तिथेही आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यास एकत्र तपासले. विद्यार्थ्यांना वर्गात काही करायला लावणाऱ्या पद्धतीच्या तुलनेत निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली. हे अभ्यास पडद्याचे नसून प्रत्यक्ष वर्गाचे होते. त्याच वर्षी फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या ध्वनिचित्रफितींच्या नोंदी तपासल्या; चित्रफीत कितीही लांब असली तरी ती पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. लक्ष लागत नाही याचा अर्थ एकतर्फी, लांबलचक बोलण्याकडे लक्ष लागत नाही, आणि ते कुठेच लागत नाही.

यावर उपाय आपल्याच राज्यात शोधले गेले आहेत. आयआयटी मुंबईतील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या विद्यार्थीकेंद्री रचनेत चित्रफितीच्या मध्येच शिक्षक थांबतो, प्रश्न विचारतो आणि विद्यार्थ्याला चित्रफीत थांबवून उत्तर लिहायला सांगतो. मगच पुढचा भाग सुरू होतो. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातील सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठीतही आहेत, आणि एका खिडकीत पाठ व शेजारच्या खिडकीत स्वतःचा सराव अशी त्यांची पद्धत आहे. नुसते पाहत राहणाऱ्याला तिथे फारसे काही हाती लागत नाही.

आपल्या रोजच्या विषयातले उदाहरण घेऊ. द्वितीय वर्ष वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या वर्गात मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते, हे शिकवायचे आहे. मिश्र पद्धतीत सूत्र आणि व्याख्या सात-सात मिनिटांच्या दोन चित्रफितींत व चार पानी टिपणात आधीच दिल्या जातात. आदल्या रात्रीपर्यंत मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर एकच प्रश्न सोडवायचा असतो: मागणीचे समीकरण १०० वजा किमतीची पाचपट असे आहे, किंमत १६ रुपये आणि ४ रुपये असताना लवचिकता सारखीच असेल का? रेषा सरळ आहे, उतार एकच आहे, म्हणून बरीच मुले ‘होय’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात १६ रुपयांना मागणी २० नग असते व लवचिकता ४ येते. ४ रुपयांना मागणी ८० नग असते व लवचिकता पाव येते. ‘होय’ म्हणणाऱ्यांची यादी सकाळी शिक्षकाच्या हाती असते. मग वर्गातला तास व्याख्या लिहून देण्यात जात नाही. उतार आणि लवचिकता यांची गल्लत कुठे झाली, इथूनच तो सुरू होतो, आणि उरलेल्या वेळात कांद्याचे भाव व आवक घेऊन मुले गटांत आकडेमोड करू शकतात. पाच-सहा दिवसांनी त्याच कल्पनेवर, पण वेगळ्या आकड्यांची, छोटी चाचणी पुन्हा येते; कारण नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने गोष्ट आठवडाभरानंतर अधिक लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले आहे. पडदा आणि वर्ग या दोघांनाही इथे नेमून दिलेले काम आहे. पडद्यावर जे झाले तेच वर्गात पुन्हा सांगितले, तर तिसऱ्या आठवड्यात मुले चित्रफिती पाहणे सोडून देतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

कॉपीच्या आक्षेपावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर गाइडात छापलेले असते, ते घरी बसलेला विद्यार्थी गाइडातून उतरवणारच. वर्गातला विद्यार्थी तेच आदल्या रात्री पाठ करून येतो. प्रत्येकाला वेगळी आकडेवारी दिली, पुस्तक उघडे ठेवून लिहायला लावले आणि नंतर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घेतली, तर उतरवून फारसे भागत नाही. अंतिम लेखी परीक्षा महाविद्यालयातच घ्यावी, यालाही मिश्र पद्धतीचा विरोध नाही.

खेड्यातल्या मुलांवर अन्याय होतो, हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतात संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली सुमारे १५ टक्के होती. टाळेबंदी या परिस्थितीवर येऊन आदळली. त्यानंतर हाताहातांत फोन आले हे खरे, परंतु भावंडांत मिळून एक फोन आणि संध्याकाळी संपलेला डेटा पॅक म्हणजे अभ्यासाची सोय नव्हे. त्याहून गंभीर बाब अशी की अडचण फक्त साधनांची नाही. डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक (दोन वर्षांच्या सार्वजनिक) महाविद्यालयांच्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच गटांची कामगिरी घसरली होती, पण तरुण, मुळात गुणांनी मागे असलेल्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची घसरण अधिक होती. म्हणजे ज्याला आधाराची जास्त गरज, त्यालाच एकटे सोडले जाते. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या पिढीतील विद्यार्थ्यांना प्रथम वर्षातच पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम देणे मलाही चुकीचे वाटते.

परंतु यावरून निघणारा निष्कर्ष ‘ऑनलाइन नको’ असा नाही. अशा विद्यार्थ्याला सर्वांत जाचक असतो तो ठरावीक वेळेचा थेट वर्ग, आणि टाळेबंदीत आपण नेमका तोच निवडला. एकदा उतरवून घेता येणारी हलकी फाइल, फोनवर वाचता येणारे टिपण, आठवडाभराची मुदत आणि कॉलेजच्या संगणककक्षात दुपारी राखून ठेवलेले दोन तास, एवढी सोय केली तर तेच साहित्य एसटी चुकल्यामुळे तास बुडालेल्या मुलीच्याही कामी येते.

राहिली नोकऱ्यांची भीती. ती रास्त आहे, कारण रेकॉर्डिंगकडे पद न भरण्याचा स्वस्त मार्ग म्हणून पाहणारे व्यवस्थापन आणि शासन अस्तित्वात आहे. पण हा मार्ग चालतो, असे पुरावा सांगत नाही. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ मध्ये युडॅसिटी कंपनीच्या साहाय्याने पायाभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन वर्ग काढले. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच खाली राहिले आणि जुलैमध्ये तो उपक्रम थांबवून फेरविचार करावा लागला. उलट जॉर्जिया टेकचा २०१४ मध्ये सुरू झालेला संगणकशास्त्राचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम टिकला, पण तिथे उत्तरे तपासायला आणि शंका सोडवायला अध्यापन-साहाय्यकांची मोठी फौज आहे.

म्हणून त्या मजकुराच्या लेखकांनी विरोध करायचाच असेल, तर तो कार्यभाराच्या हिशेबाला करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ आणि त्यावरच्या पदांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. चित्रफीत आखणे, आदल्या रात्रीची साठ उत्तरे वाचणे, चर्चेत अडलेल्याला उत्तर देणे, हे काम त्या तासांत मोजले जावे आणि तुकडीच्या आकाराला मर्यादा असावी, अशी मागणी संघटनांनी लेखी करायला हवी. सर्वांत आधी ती तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांसाठी करायला हवी, कारण त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. त्या तासासाठी रात्री वाचलेल्या साठ उत्तरांचे काहीच मिळत नाही.