राजगड-तोरणा-रायगड : तयारी उतरणीची करा

थंडी पडायला लागली की राजगड-तोरणा-रायगड या ट्रेकचे बेत सुरू होतात आणि मेसेज येतात, बूट कोणते घेऊ, सॅक किती लिटरची घेऊ? बूट-सॅकचं बघता येईल. आधी सांगा, पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन लागोपाठ दोन दिवस डोंगर उतरलाय का?

चढताना दम लागतो, पण पाच मिनिटं टेकलं की श्वास जागेवर येतो. गुडघ्यांचं तसं नाही. तोरणा १४०३ मीटर, रायगड ८२० मीटर आणि मधे घाटमाथा सोडून पार कोकणात उतरायचं. हा ट्रेक मुळात उतरणीचाच. म्हणून शनिवारी भरलेली सॅक घेऊन सिंहगड करा, रविवारी पाय भरून आलेले असताना पुन्हा करा, आणि खाली येताना जीपमध्ये बसू नका. मग एकदा कात्रज ते सिंहगड. आपलं शरीर किती साथ देतं ते तिथे नीट कळतं.

खरा कस लागतो तो बोराट्याच्या नाळेत. रायलिंगचं पठार आणि लिंगाण्याचा सुळका यांच्या मधली ही नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, नुसता सुट्या दगडधोंड्यांचा उतार. वरच्याचा पाय चुकला की धोंडा खालच्याच्या अंगावर. त्यामुळे एकमेकांच्या थेट खाली राहायचं नाही, दगड सुटला की जीव खाऊन ओरडायचं. आणि प्रत्येक दगडावर भार टाकण्याआधी तो डुगडुगतो का, हे पायानं चाचपायचं. तासन्‌तास हेच. थकलेले पाय इथेच दगा देतात.

हल्ली हा ट्रेक रातोरात उरकायची हौस वाढली आहे. ज्याची ताकद आहे त्याने करावा, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने अजिबात नको. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडून धारेधारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे चालायला लागलं की दोन गड एकमेकांना कसे धरून आहेत ते दिसतं. पुढे रायलिंगच्या पठाराच्या टोकाशी देश संपतो. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड. राजगडावरून राजधानी रायगडावर गेली, १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला, हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलं. ती जागा का निवडली असेल, हे मात्र मधल्या दऱ्या पायांनी मोजल्यावर उमगतं. हेडटॉर्चच्या उजेडात यातलं काय दिसणार?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, रायलिंगजवळच्या मोहरी गावात मुक्काम करा. वाट दाखवायला गावातल्याच कुणाला तरी सोबत घ्या, कारण ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाइलमध्ये ट्रॅक असूनही माणसं चुकतात. जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे आधीच विचारून घ्या, सांगतील तेवढे द्या, घासाघीस नको. आणि किती जण येताय ते दोन दिवस आधी फोन करून कळवा. बारा जणांचा स्वयंपाक ऐनवेळी करायला तिथे दुकान काही हाकेच्या अंतरावर नाही.