छातीवरच्या फिती मोजू नका, वाचा

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. वर एखाद्या जनरलचा फोटो आणि खाली तीन दावे. सैनिकाच्या छातीवरची प्रत्येक रंगीत फीत म्हणजे लढाईत मिळवलेलं एक शौर्यपदक. जितक्या फिती जास्त, तितका पराक्रम मोठा. आणि प्रत्येक फितीमागे सरकार जन्मभर दरमहा पैसे देतं. भावना चांगली आहे, पण तिन्ही दावे चुकीचे आहेत.

पहिला दावा. भारतीय सेनेत फिती, म्हणजे गणवेशावर पदकाऐवजी लावायच्या रंगीत पट्ट्या, चार-पाच वेगळ्या कारणांनी मिळतात आणि शौर्य हे त्यातलं एकच कारण. उदाहरणादाखल 1995 साली कमिशन मिळालेला एक अधिकारी घ्या, ज्याच्याकडे एकही शौर्यपदक नाही. 15 ऑगस्ट 1997 रोजी तो सेवेत होता, म्हणून स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं पदक. 1999 मध्ये सीमेवर निकषात बसणारी तैनाती झाली, म्हणून ऑपरेशन विजय पदक. 2001-02 मध्ये सीमेवर सैन्याची जमवाजमव झाली त्यात होता, म्हणून ऑपरेशन पराक्रम पदक. 9, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेची तीन वेगळी पदकं. 9000 फुटांच्या वर एकूण 180 दिवस काढले की उच्च तुंगता पदक. खडतर भागातल्या सेवेसाठी सैन्य सेवा पदक. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सलग 90 दिवस भरले की त्यांची फीत. 2022 मध्ये अमृतमहोत्सवी वर्षाचं पदक. झाल्या दहा फिती. यातली एकही फुकटची नाही, पण यातली एकही शौर्याची नाही.

ही पदकं शिफारशीवर नव्हे, पात्रतेवर मिळतात. दिवस भरले का, त्या भागात पोस्टिंग होतं का, हे सेवेच्या नोंदींवरून तपासलं जातं. शौर्यपदकाचा रस्ता पूर्ण वेगळा. कमांडिंग ऑफिसर प्रसंगाचं तपशीलवार वर्णन, म्हणजे सायटेशन, लिहून पाठवतो. ते ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असं चढत सेना मुख्यालयात आणि पुढे संरक्षण मंत्रालयात जातं, प्रत्येक टप्प्यावर चाळलं जातं. शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर राजपत्रात नाव येतं. 1947 पासून परमवीर चक्र फक्त 21 जणांना मिळालं आहे, त्यातले 14 मरणोत्तर.

शिवाय शौर्यपदक म्हणजे लढाईतलंच, हेही खरं नाही. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र त्याव्यतिरिक्तच्या शौर्यासाठी, आणि ती सैनिक नसलेल्यांनाही मिळू शकतात. मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं ते याच नियमाने.

दुसरा दावा सगळ्यात घातक, कारण त्यावरून लोक माणसं तोलतात. तेच शौर्यपदक पुन्हा मिळालं तर नवी फीत लागत नाही, त्याच पदकाला ‘बार’ जोडला जातो. अलिबागला जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य 1965 मध्ये डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचं नेतृत्व करताना महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि 1971 मध्ये शकरगढ भागात चिलखती ब्रिगेड चालवताना पुन्हा. महावीर चक्रं दोन, फीत एकच, तिच्यावर एक लहान चिन्ह वाढलं इतकंच. मोजणाऱ्याच्या हिशेबात दुसरा पराक्रम धरलाच जात नाही. कारगिलमध्ये परमवीर चक्र मिळालेले योगेंद्रसिंह यादव तेव्हा 19 वर्षांचे होते. त्या वयात 9 वर्षांच्या सेवेची फीतसुद्धा छातीवर असू शकत नाही.

क्रमावरूनही फसगत होते. सर्वांत वरिष्ठ पदकाची फीत वरच्या ओळीत, छातीच्या मध्याकडे असते, पण वरिष्ठ म्हणजे शौर्याचंच असं नाही. परम विशिष्ट सेवा पदक हे शौर्याचं नाही, तरी परिधानाच्या क्रमात ते महावीर चक्राच्या आधी लागतं.

मग वाचायचं कसं? साध्या जांभळ्या फितीचं परमवीर. अर्धी पांढरी, अर्धी केशरी ती महावीरची. अर्धी गडद निळी, अर्धी केशरी ती वीर चक्राची. हिरव्या फितीवर एक केशरी रेघ असेल तर अशोक, दोन असतील तर कीर्ती, तीन असतील तर शौर्य चक्र. म्हणजे रेघा वाढतात तशी श्रेणी उतरते. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदकांच्या पिवळ्या फितीवरच्या निळ्या रेघांचंही तेच. सेना पदकाच्या लाल फितीवर मधे पांढरा पट्टा असतो. मात्र हे पदक शौर्यासाठीही मिळतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, आणि फीत दोन्हींना सारखीच. तिथे फोटो बघून छातीठोक सांगणारा अंदाजच करत असतो. खात्री हवी तर राजपत्र बघावं. पांढऱ्या फितीवर मधे लाल पट्टा दिसला तर मात्र थांबा. ते पराक्रम पदक, शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्याचं. ते शौर्यपदकांत मोजलं जात नाही, पण त्या माणसाने रक्त सांडलेलं असतं.

तिसरा दावा पैशाचा. मासिक भत्ता शौर्यपदकांनाच आहे. केंद्राच्या 1 ऑगस्ट 2017 पासूनच्या दरांनुसार परमवीर चक्राला दरमहा 20,000 रुपये, अशोक चक्राला 12,000, महावीरला 10,000, कीर्ती चक्राला 9,000, वीर चक्राला 7,000, शौर्य चक्राला 6,000 आणि शौर्यासाठीच्या सेना पदकाला 2,000. कर्तव्यनिष्ठेसाठी मिळालेल्या सेना पदकाला हा भत्ता नाही. दीर्घ सेवा, उच्च तुंगता, ऑपरेशन विजय, वर्धापनाची पदकं यांनाही नाही. व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर खरा मानून निवृत्त जवानाच्या घरचे ‘आमच्या आठ फितींचे पैसे कुठे अडकले’ म्हणून हेलपाटे घालतात. त्यांनी आधी सेवेच्या नोंदीत शौर्यपदकाची नोंद आहे का ते बघावं, आणि असेल तर राजपत्राची प्रत घेऊनच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं.