केंटकीतला प्रत्येक बून हा डॅनियल बूनचा वंशज? जरा थांबा

सगळीकडे एक दावा फिरतोय, तोही ढाल-तलवारीच्या झकास चित्रासकट. आडनाव बून आणि घराणं अमेरिकेतल्या केंटकी राज्याचं असेल तर तुम्ही थेट डॅनियल बूनचे, म्हणजे अठराव्या शतकात केंटकीत वस्ती नेणाऱ्या त्या प्रसिद्ध शिकारी-वाटाड्याचे वंशज, बून म्हणजे मूळचे इंग्लंडातले नॉर्मन सरदार द बोहुन, तेव्हाच्या वस्तीच्या सरहद्दीवर कागदपत्रं नव्हतीच म्हणून घरातली तोंडी माहितीच खरी, आणि शंका असेल तर डीएनए टेस्ट करा. चारही गोष्टी गंडलेल्या आहेत, पहिली सगळ्यात जास्त.

डॅनियल आणि त्याची बायको रिबेका ब्रायन यांना दहा मुलं, त्यात मुलगे सहा. थोरला जेम्स १७७३ मध्ये केंटकीला जाताना वाटेतच मारला गेला, इस्रायल १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत, दोघंही बिनलग्नाचे, आणि विल्यम तान्हेपणीच गेला. म्हणजे बून आडनाव पुढे नेणारे उरले तीन, डॅनियल मॉर्गन, जेसी आणि नेथन, आणि गंमत म्हणजे हे तिघंही शेवटी मिसुरीला गेले, खुद्द म्हातारा डॅनियल बून १७९९ मध्ये तिकडे गेला आणि १८२० मध्ये नेथनच्या घरी वारला. मग केंटकीत एवढे बून कुठून? अहो, भाऊ, पुतणे यांचा अख्खा गोतावळा होता तिथे! एडवर्ड, सॅम्युएल, स्क्वायर हे सख्खे भाऊच केंटकीत आलेले. उलट डॅनियलचं रक्त केंटकीत शोधायचं तर मुलींकडून शोधा, लेविना शोल घराण्यात दिलेली, धाकटी मुलगी रिबेका (नाव आईचंच) गो घराण्यात, म्हणजे आडनाव बून नसणारच. आपल्याकडचे सगळे पाटील काय एकाच वाड्यातून निघालेत का?

डीएनएचं पण तसंच. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम तुम्ही या बून घराण्यातले आहात एवढं सांगेल, डॅनियलचे की त्याच्या भावाचे ते नाही सांगणार, कारण भावाभावांचा तो जवळजवळ सारखाच असतो. दुसरी, सगळ्या नातेवाईकांशी जुळवणारी टेस्ट केली तर अजून गोंधळ, कारण एडवर्डची बायको मार्था ही डॅनियलच्या बायकोची, रिबेकाची सख्खी बहीण, दोन भावांना दोन बहिणी दिलेल्या, त्यामुळे एडवर्डच्या वंशजांकडेही बून आणि ब्रायन दोन्हीकडचं येतं. आणि सहा-सात पिढ्यांनी कधीकधी काहीच जुळत नाही, नातं खरं असूनही.

बोहुन सरदारांचं थोडक्यात. हेरफर्डच्या अर्ल (म्हणजे मोठे सरदार) बोहुनांपैकी शेवटचा १३७३ मध्ये वारला, मागे दोन मुली. डॅनियलचा आजोबा जॉर्ज हा इंग्लंडातल्या डेव्हनमधल्या ब्रॅडनिंचचा विणकर, १७१७ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला. इंग्लंडात चर्चची नोंदवहीच १५३८ पासून सुरू झाली, तर मधली दीडशे-दोनशे वर्षं कशाच्या जोरावर जोडली? नुसत्या नावाच्या उच्चारावर. ढालीचं चित्र विकत मिळतं हो, वंशावळ नाही मिळत.

आणि कागद नव्हते हे तर सरळ चूक, लोक चुकीच्या ठिकाणी बघतात. बून मंडळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, आणि क्वेकर सभा सगळं लिहून ठेवायची, डॅनियलचे वडील (त्यांचंही नाव स्क्वायर) आणि आई सारा मॉर्गन यांचं १७२० चं लग्नसुद्धा, आणि एका मुलाने बाहेरच्या पंथातली मुलगी केली म्हणून १७४८ मध्ये या वडिलांना सभेतून काढून टाकलं तेही. फक्त त्या नोंदी वाचताना सावध, १७५२ पर्यंत त्यांचं वर्ष मार्चपासून, म्हणून त्यांचा आठवा महिना म्हणजे ऑक्टोबर, अनेक ऑनलाइन वंशावळी तिथेच दोन महिने घसरतात. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियात होतं, तेव्हा जुने जमिनीचे कागद व्हर्जिनियाच्या नावाखाली बघा. १७९० आणि १८०० ची तिथली जनगणना हरवली हे खरं, पण कराच्या याद्या आहेत ना. आणि तोंडी माहितीच हवी असेल तर तीही लिहिलेली आहे, जुन्या आठवणी गोळा करणाऱ्या लायमन ड्रेपरने १८५१ मध्ये नेथन आणि त्याच्या बायकोला गाठून सगळं विचारलं, ते कागद विस्कॉन्सिनच्या हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. तुमच्या पणजोबांचं नाव यापैकी कशात सापडलं तर बोलू.